देवमाशाच्या दर्शनाची तयारी

आपल्या मराठी भाषेने व्हेल या प्राण्याला ‘देवमासा’ असे नाव दिले आहे. शास्त्रदृष्ट्या ते नाव अर्धेच खरे. व्हेल हा मासा नव्हे. तो तुमच्याआमच्याप्रमाणे हवेत श्वास घेतो, पिलाला जन्म देतो आणि दूध पाजून वाढवितो. तरीही आपल्या पूर्वजांनी त्या नावाच्या आरंभी ‘देव’ हे पद ठेवले, ते मला फार अर्थपूर्ण वाटते. आकाराने मोठे असे जगात पुष्कळ आहे. पण ज्याच्यापुढे माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, त्यालाच आपण हे पद जोडतो. पवित्र शास्त्रातही या प्राण्यांना मानाचे स्थान आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाचव्या दिवशी समुद्रातील प्रचंड जलचर निर्माण झाल्याचा खास उल्लेख आहे. आणि योनाला गिळणारा जलचर मूळ हिब्रू ग्रंथात केवळ ‘मोठा मासा’ असला, तरी चित्रकारांच्या कुंचल्याने पुढे त्याला देवमाशाचेच रूप दिले.

आपल्या किनाऱ्यावर मात्र देवमाशाची भेट होते ती बहुधा दुःखाची. २०१६ च्या जानेवारीत मुंबईला जुहूच्या वाळूवर सुमारे ३० फुटी देवमासा मृतावस्थेत येऊन पडला होता. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचे एक पिलू लागले. लोकांनी त्याच्यावर पाणी शिंपडले, ओल्या कापडाने त्याचे अंग झाकले, त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. पण ते वाचले नाही. जिवंत देवमाशाच्या दर्शनाला ठरवून, तिकीट काढून, सहकुटुंब जावयाचे असते, ही कल्पनाच त्यामुळे मला प्रथम नवलाची वाटली.

२०२४ च्या जून महिन्यात मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात माझ्या पुतण्याच्या घरी पाहुणा होतो. बॉस्टनच्या उत्तरेला त्याचा संसार आहे. घरात तो, त्याची पत्नी, दहा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि त्या वेळी वसईहून गेलेल्या माझ्या वहिनी. मुलाला वाढदिवसानिमित्त देवमासे पाहावयाचे होते. ग्लॉस्टर बंदरातून सुटणाऱ्या बोटीची तिकिटे एका सोमवारची ठरली आणि त्याआधीचे दोन आठवडे ते घर एका समुद्रयात्रेच्या तयारीत गुंतले.

त्या भागात ही प्रथा फार जुनी नाही. १९७५ साली प्रॉव्हिन्सटाउनच्या बंदरातून ॲल अव्हेलार नावाच्या नाविकाने केवळ देवमासे पाहण्यासाठी लोकांना समुद्रावर नेण्यास आरंभ केला. केप ॲन आणि केप कॉड या दोन भूशिरांच्या मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या उपसागराच्या तोंडाशी, स्टेलवॅगन बँक नावाचे एक ठिकाण आहे. येथे बँक म्हणजे पैशांची पेढी नव्हे, तर पाण्याखाली दडलेले वाळूचे उथळ पठार. खोलातले थंड, पोषक पाणी या पठाराला अडून वर येते, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांच्यावर सँड लान्स नावाची वीतभर मासळी जगते, आणि त्या मासळीसाठी देवमासे येतात. १९९२ साली या जागेला राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

माझा पुतण्या अभियंता. त्याची तयारी यादीने सुरू झाली. जमिनीवर उन्हाळा असला तरी समुद्रावर हवा बरीच गार असते; म्हणून प्रत्येकाला एकावर एक तीन कपडे, सर्वांत वर वारा अडविणारे जाकीट. ओल्या फळीवर न घसरणारे बूट. टोपी, पण हनुवटीखाली बांधता येईल अशी. उन्हाचे मलम, कारण पाण्यावरून परतणारे ऊनही भाजते. एक दुर्बीण. चार तासांच्या प्रवासाला पुरेल एवढे पाणी व हलके खाणे. सकाळची न्याहारीही हलकीच, मात्र पोट अगदी रिकामे ठेवावयाचे नाही. ज्याला बोट लागते त्याने डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी तासभर आधी गोळी घ्यावी. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. बोटीत मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावा कमी बसतो. पुस्तकात डोके घालू नये, क्षितिजावर नजर ठेवावी. बोटीवरून पाण्यात काहीही टाकू नये, हे मुलांना त्याने तीनदा बजावले.

मुलांची तयारी निराळी होती. त्यांनी ग्रंथालयातून पुस्तके आणली व माझी शिकवणी घेतली. तेथे मुख्यतः हंपबॅक जातीचे देवमासे दिसतात. पूर्ण वाढ झालेला सुमारे ५० फुटांपर्यंत लांब आणि वजनाने सुमारे ३० टन. हिवाळ्यात ते कॅरिबियनच्या उबदार पाण्यात जातात. तेथे माद्या वितात, आणि त्या सबंध काळात आई जवळजवळ काहीही खात नाही. अंगच्या चरबीवर स्वतः जगते, पिलाला दूध पाजते, आणि वसंतात त्याला सोबत घेऊन उत्तरेला येते. प्रत्येकाच्या शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्यापांढऱ्या रंगांची नक्षी असते आणि कोणतीही दोन शेपट्या सारख्या नसतात. त्यावरून अभ्यासक त्यांना ओळखतात व नावे ठेवतात. ‘सॉल्ट’ म्हणजे ‘मीठ’ नावाची एक मादी तेथे १९७० च्या दशकापासून परिचित आहे. तिच्या पाठीवरच्या पराच्या पांढऱ्या खुणा मीठ शिंपडल्यासारख्या दिसतात म्हणून ते नाव पडले. तिची लेकरे आणि नातवंडेही नोंदवहीत आहेत. धर्मग्रामाच्या कचेरीत स्नानसंस्काराच्या वह्या सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून त्या अभ्यासकांविषयी आपुलकी वाटली.

मुलाने मला दिशा सांगण्याची रीतही शिकविली. बोट म्हणजे घड्याळाची तबकडी. पुढचे टोक बारा, मागचे सहा. ‘तीन वाजता’ असे कोणी ओरडले की उजवीकडे पाहावयाचे.

एके रात्री जेवताना तो म्हणाला, “हंपबॅक पाण्यात बुडबुड्यांचे कडे करतो. मासळी त्यात कोंडली जाते. मग तो खालून तोंड उघडून वर येतो.”

वहिनी आतापर्यंत या गप्पांत नव्हत्या. त्या एकदम म्हणाल्या, “म्हणजे तोही जाळे टाकतो म्हणायचे!”

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचे सारे आयुष्य जाळ्यांच्या संगतीत गेलेले.

पाहुण्याने यजमानाच्या घरी कसे वागावे याचेही नियम असतात, तसे देवमाशांच्या घरी जाणाऱ्या बोटींसाठीही आहेत. दोन मैलांवर असतानाच वेग उतरवू लागावयाचा. जवळ जाल तसे आणखी मंद व्हावयाचे. १०० फुटांच्या आत मुद्दाम बोट न्यावयाची नाही. राइट व्हेल या जातीपासून तर ५०० यार्डांचे अंतर कायद्यानेच बंधनकारक आहे. ‘राइट’ म्हणजे योग्य. मारावयास योग्य म्हणून शिकाऱ्यांनी ते नाव दिले असे सांगतात. हा संथ पोहतो, मेल्यावर तरंगतो आणि तेल पुष्कळ देतो. आज उत्तर अटलांटिकमध्ये या जातीचे चारशेहून कमी जीव उरले आहेत. याच मॅसॅच्युसेट्सच्या नँटकेट आणि न्यू बेडफर्डहून एकेकाळी शेकडो जहाजे शिकारीला निघत, आणि देवमाशांच्या तेलावर घराघरांतले दिवे जळत. १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला. पुढे २००७ साली बॉस्टन बंदराकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांचा मार्गही थोडा सरकविण्यात आला, कारण जुना मार्ग देवमाशांच्या दाट वावरातून जात होता. माणसाने आपली वाट दुसऱ्या जीवासाठी बदलावी, ही बातमी वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापली जात असेल. मला ती प्रवचनाच्या योग्यतेची वाटते.

तिकिटावर एक हमीही होती. देवमासा दिसला नाही, तर पुन्हा एकदा फुकट नेऊ. मुलीला ती वाचून दाखविली तेव्हा तिने विचारले, “आणि दुसऱ्या वेळीही नाही दिसला तर?” पुतण्या म्हणाला, “मग तिसऱ्यांदा.” मी ऐकत होतो. कंपनी हमी देत होती ती पुन्हा नेण्याची. दर्शनाची हमी देणे तिच्या हाती नव्हते. तीन कपडे घाला, गोळी घ्या, दुर्बीण पुसून ठेवा. तो वर येईल तेव्हा त्याच्या मर्जीने येईल. आमच्या आध्यात्मिक जीवनातही असेच नाही का? प्रार्थना, उपवास, पापनिवेदन ही आपली तयारी आहे. त्यांनी देवाची भेट विकत मिळत नाही. पण तो येईल त्या क्षणी आपण झोपलेले किंवा पाठमोरे नसावे, एवढे ती तयारी करते. आगमनकाळात आपण चार आठवडे हेच शिकत असतो.

या सगळ्या धामधुमीत वहिनींचे नाव यादीत होते, पण त्या येणार नव्हत्या. तसे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

कारण घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारत नव्हते. १९८६ साली माझा थोरला भाऊ मासेमारीला गेला तो परतला नाही. त्याचा देहही मिळाला नाही. मी तेव्हा सेमिनरीत होतो. पुतण्या तीन वर्षांचा होता. वहिनींनी सुकट-बोंबील विकून त्याला वाढविले, शिकविले. पण त्या दिवसापासून त्या किनाऱ्यावर गेल्या नाहीत. मासळी आणावयाची तर बाजारातून. कबर नसल्यामुळे दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, त्या दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावीत. मी एकदा त्यांना विचारले होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “फादर, समुद्राशी माझे बोलणे नाही.” शेजारणीशी अबोला धरावा तसे त्या म्हणाल्या होत्या. त्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

आता अडचण निराळीच उभी राहिली. सात वर्षांची नात भ्याली. पुस्तकातला देवमासा आवडतो, पण खरा बोट उलटवील असे तिला वाटू लागले. “आजी येणार असेल तर मी येते,” असे तिने जाहीर केले. पुतण्या मला एकांतात म्हणाला, “काका, तुम्ही आईला सांगून पाहा.” मी त्याला सांगितले की हे सांगण्याचे काम माझे नव्हे. दुःखी माणसाला अमक्या दिवसापर्यंत बरे हो असे कोणी सांगू नये. धर्मगुरूने तर नाहीच.

आमची बोट सोमवारची, आणि आदल्या रविवारी ग्लॉस्टरला संत पेत्राचा सण होता. तेथील सिसिलीहून आलेल्या कोळ्यांनी १९२७ पासून हा सण चालविला आहे. उघड्यावर मिस्सा होते, संत पेत्राच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि मच्छीमार बोटींना आशीर्वाद दिला जातो. आपल्याकडील कोळीवाड्यांतही मोसमाच्या आरंभी होड्यांना आशीर्वाद देतात. म्हणून वहिनी त्या सणाला आनंदाने आल्या. बँड, पताका, खांद्यावर पुतळा घेतलेले घामाघूम तरुण. वसईचाच एखादा सण वाटावा.

तेथून आम्ही ‘सुखरूप प्रवासाच्या माते’चे देऊळ पाहावयास गेलो. हे पोर्तुगीज कोळ्यांनी बांधलेले. १८९३ चे पहिले देऊळ १९१४ साली आगीत भस्मसात झाल्यावर आजचे उभे राहिले. दोन मनोऱ्यांच्या मधोमध पवित्र मरियेचा पुतळा आहे आणि तिच्या कुशीत शिडाची बोट आहे. तान्हे मूल धरावे तशी तिने ती धरली आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली राहिलेल्या वसईच्या माणसाला तेथे परके वाटत नाही. वहिनी खूप वेळ वर पाहत राहिल्या.

समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर दोन स्मारके आहेत. पहिले १९२५ चे. वादळात सुकाणूचे चाक घट्ट धरून उभा असलेला नाविक. चौथऱ्यावर १०७ व्या स्तोत्रातील शब्द. आणि भोवती, समुद्रात गेलेल्या पाच हजारांहून अधिक कोळ्यांची नावे. ज्यांना कबरी नाहीत अशांची ही दफनभूमी. नातवाने काही नावे मोठ्याने वाचली. त्यांत पोर्तुगीज धाटणीची आडनावे आली की वहिनी मान हलवीत, ओळखीच्यासारखी.

थोडे पुढे दुसरे स्मारक आहे, २००१ साली उभारलेले. तेथे पुरुष नाही. एक स्त्री उभी आहे, कडेवर लहान मूल, शेजारी मुलगा, नजर पाण्याकडे. ते कोळ्यांच्या बायकांचे स्मारक. ग्लॉस्टरच्या या स्त्रियांनी १९६९ साली आपली संघटना स्थापन केली. पुढे जॉर्जेस बँक या मासेमारीच्या क्षेत्रात तेलविहिरी खोदण्याचा बेत झाला, तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या. स्टेलवॅगनचे अभयारण्य व्हावे म्हणूनही त्यांनी आवाज उठविला. पुतण्याने हे आईला मराठीत समजावून सांगितले.

वहिनींनी विचारले, “यांचे नवरे समुद्रात गेले होते?”

“कितीकींचे,” तो म्हणाला.

“आणि या त्याच समुद्रासाठी भांडल्या?”

तो ‘हो’ म्हणाला. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. पुतळ्याच्या पायाशी कोणी फुले ठेवली होती. त्यांतले एक वाऱ्याने पडलेले होते, ते त्यांनी उचलून जागेवर ठेवले. मग नातीचा हात धरून त्या स्मारकाच्या पुढच्या कठड्यापर्यंत गेल्या आणि पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्या रात्री पिशव्या भरून झाल्यावर वहिनींनी सुनेला विचारले, “उद्या थंडी किती असेल गं? माझ्याकडे एकच स्वेटर आहे.”

सुनेने काही न विचारता आपले जाकीट आणून दिले. मी आणि पुतण्या एकमेकांकडे पाहिले नाही. वहिनींनी स्वतःची तयारीही केली : जपमाळ, आणि घरी केलेला आलेपाक. “तुमच्या गोळ्या तुम्ही घ्या,” त्या म्हणाल्या, “कोळ्याच्या बायकोला बोट लागत नाही.”

सोमवारी सकाळी धुके होते. धक्क्यावरून बोटीत चढावयाच्या फळीपाशी वहिनी थांबल्या. मागे रांग होती. कोणी घाई केली नाही. त्यांनी क्रुसाची खूण केली, नातीला म्हणाल्या, “चल,” आणि गेल्या. बोट बंदराबाहेर पडली तशी हवा गार झाली व सर्वांनी निमूटपणे तिसरा कपडा चढविला. तासाभराहून अधिक वेळ पाण्याशिवाय काही नव्हते. वहिनींच्या ओठांवर जपमाळ चालू होती.

“दोन वाजता!” नातू ओरडला. उजवीकडे पुढे, धुक्याच्या कडेला, पांढऱ्या वाफेचा फवारा उठला, मग त्याच्याजवळ दुसरा, लहान. कप्तानाने वेग उतरविला, मग इंजिन जवळजवळ थांबविले. आई आणि पिलू होते. काळीभोर पाठ वर आली, श्वास सोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला, आणि शेपटी उभी राहून पाण्यात शिरली. बोटीवर शंभराहून जास्त माणसे होती; कोणी बोलले नाही. नात आजीच्या जाकिटात शिरून एका डोळ्याने पाहत होती. वहिनी एवढेच म्हणाल्या, “बाळ सोबत आहे.” त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत; पुसताना एखादा क्षण हुकला असता.

प्रिय वाचकहो, आपण सुटीच्या सहली काढतो तेव्हा तिकिटे, डबे, औषधे यांची तयारी नेटाने करतो, आणि ती करावीच. पण एकाच घरातल्या प्रत्येक माणसाची तयारी निराळ्या अंतराची असते. कोणाला बोटीपर्यंत पोहोचावयास अर्धा तास लागतो, तर कोणाला अडतीस वर्षे. लांबून येणाऱ्यासाठी जागा राखून ठेवणे, त्याला न ओढता त्याच्यासाठी एक जाकीट तयार ठेवणे, हीसुद्धा कुटुंबाची तयारीच आहे, आणि धर्मग्रामाचीही.

वहिनी ऑक्टोबरात वसईला परतल्या. २ नोव्हेंबरला मिस्सेनंतर त्यांनी नेहमीप्रमाणे दफनभूमीतल्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली. मग दुसरी पिशवीतून काढून मला म्हणाल्या, “फादर, ही किनाऱ्यावर लावायची आहे. तुम्ही येता?” वारा होता, मेणबत्ती तीनदा विझली. चौथ्यांदा त्यांनी वाळूत खळगा केला आणि दोन्ही हातांचा आडोसा धरला. भरती चढत होती. आम्ही पाणी पायाशी येईपर्यंत तेथे प्रार्थना करीत उभे होतो.